रेवडीची कुस्ती

पोरांना लढायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं? जळगावलगतच्या पिंप्राळ्याचा रथ, खान्देशातल्या जत्रा आणि गल्लोगल्लीचे कराटे क्लास फिरून बघा. उत्तर सापडतं!

जळगाव म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? सोनं, केळी, हिरव्या वांग्यांचं भरीत आणि मे महिन्यातला पंचेचाळीसच्या घरातला पारा. पिंप्राळा हे नाव मात्र बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. रेल्वे रुळांच्या पलीकडचं हे एकेकाळचं स्वतंत्र गाव. आज ते जळगाव महापालिकेत आहे. जुनं गावठाण, विठ्ठलाचं मंदिर, त्याला लागून वाढत गेलेल्या कॉलन्या, हुडकोची मोठी वस्ती आणि सगळीकडे ट्यूशनच्या पाट्या. गावपण अजून पुरतं गेलेलं नाही आणि शहर पुरतं आलेलं नाही, अशी ही जागा. कानावर पडते तीही सरमिसळ भाषा. थोडी अहिराणी, थोडी तावडी, थोडी टीव्हीवरची मराठी, आणि वाक्याच्या शेवटी हमखास ‘भो’.

आपल्यापैकी कितीतरी जणांची मुळं अशाच एखाद्या गावात असतात. आपण पुण्या-मुंबईत, हिंजवडीत नाहीतर अंधेरीत. घरात सहा-सात वर्षांचं एक पोर. पोरगं लाजाळू आहे, हरलं की रडतं, शाळेत कुणी ढकललं तरी बोलत नाही. मग कुणीतरी सुचवतं, ‘अरे, कराटेला घाल ना!’ आणि आपण पांढरा ड्रेस विकत घेऊन मोकळे होतो. पुढे काय होतं? कधी पोर खरंच खुलतं. कधी तीन महिन्यांत ड्रेस कपाटात जातो. आणि कधी तेच पोर घरी येऊन धाकट्या बहिणीवर लाथा आजमावतं!

असं का होतं? गंमत म्हणजे, याचं उत्तर कराटेच्या क्लासइतकंच पिंप्राळ्याच्या आषाढीतही सापडतं.

चाकाखालची मोगरी

आषाढी एकादशीला सगळा महाराष्ट्र पंढरपूरकडे तोंड करून असतो, तेव्हा पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. शंभराहून अधिक वर्षांची ही परंपरा. जळगाव शहरातला श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीचा, १८७२ पासूनचा. म्हणजे खान्देशातल्या या एका शहराला वर्षाकाठी दोन रथ! पिंप्राळ्याच्या रथाला पंचक्रोशीतून गर्दी लोटते. लेकी माहेरी येतात, जावई येतात, आणि पुण्याला नोकरी करणारे मुलगेही सुट्टी टाकून येतात.

रथ लाकडी, उंच आणि चांगलाच जड. त्याला ना ब्रेक, ना स्टिअरिंग. दोर ओढणारे शेकडो हात त्याला पुढे नेतात. तो थांबवायचा किंवा वळवायचा तर चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवतात. तीच मोगरी. ओढायला ताकद लागते, ती गर्दीत भरपूर असते. मोगरी लावायला मात्र नजर लागते, धीर लागतो आणि हात नेमक्या क्षणी मागे घेण्याची अक्कल लागते. हे काम नवख्याचं नाही. चाकाच्या इतकं जवळ वाकायचं तर आधी बघून बघून नजर बसावी लागते.

लढाईच्या कुठल्याही विद्येचं असंच आहे. ओढणारी ताकद आणि चाकाखालची मोगरी, दोन्ही लागतात. आपण पोराला क्लासला घालतो तेव्हा आपल्याला दोर दिसतो. उंच किक, ‘हाय्या!’ असा आवाज, फोडलेली फळी. मोगरी कोण लावतंय, हे बघायचं आपल्या ध्यानातच येत नाही.

मूठभर रेवड्या, पण सगळ्या गावासमोर

खान्देशात कराटे येण्याच्या कितीतरी आधी कुस्ती होती. आजही गावच्या जत्रेला कुस्त्यांची दंगल असते. फडाची एक रीत महाराष्ट्रात सगळीकडे थोड्याफार फरकानं दिसते. सुरुवात मोठ्या पैलवानांनी होत नाही. आधी बारकी पोरं उतरतात. बक्षीस काय? मूठभर रेवड्या किंवा एखादा नारळ. त्यानंतर पाच-पन्नास रुपयांच्या कुस्त्या, मग शेकड्यांच्या, मग हजारांच्या. शेवटची मानाची कुस्ती संध्याकाळी, तोवर फड खच्चून भरलेला असतो.

या रेवडीच्या कुस्तीत एक फार मोठी शाळा लपलेली आहे. पोरांची जोड लावणारी माणसं जाणती असतात. ते दोन पोरांना शेजारी उभं करतात, खांदे बघतात, पिंढऱ्या बघतात, ‘हा जरा जड होतोय’ म्हणत एकाला मागे ढकलतात आणि दुसऱ्याला पुढे ओढतात. जोड तोलामोलाची लागली तरच कुस्ती. उगाच कुणाला कुणासमोर टाकायचं नाही. पोर हरणार असेल तर तेही लढून हरलं पाहिजे आणि जिंकणार असेल तर तेही घाम गाळून. बरोबरीत सुटली तर बक्षीस दोघांत वाटून.

आणि हे सगळं गावासमोर! चितपट झालेलं पोर माती झटकत उठतं. दोन थेंब डोळ्यांतून येतातही. कडेला उभा असलेला एखादा काका पाठीवर थाप मारतो, ‘उठ रे भो, काही नई झालं!’ आणि पाच मिनिटांत तेच पोर पुढची कुस्ती बघायला कडेला मांडी घालून बसतं. हरणं ही जगबुडी नाही, हे त्याला कुणी भाषण देऊन सांगितलेलं नसतं. त्यानं ते अंगावर घेतलेलं असतं.

आपल्या शहरी पोरांना नेमकी हीच रेवडीची कुस्ती मिळत नाही. एकतर सगळं सोपं, सहभागी झालात की मेडल. नाहीतर एकदम स्कॉलरशिप, ऑलिम्पियाड, रँक! मधल्या पायऱ्याच गायब. मापाचं आव्हान, मापाची हार आणि मापाचं बक्षीस, हा तालमीचा खरा फंडा आहे.

सायगावचा पैलवान

या पायऱ्या चढत गेलं की माणूस कुठवर जातो? याचं उत्तर जळगाव जिल्ह्यातच आहे. चाळीसगाव तालुक्यातलं सायगाव बगळी. तिथल्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. त्यांच्याआधी अशी हॅटट्रिक नरसिंग यादव यांनी केली होती. कुस्ती म्हणजे कोल्हापूर-सांगली, असं समजणाऱ्यांना खान्देशनं दिलेलं हे उत्तर! पुढे ते महाराष्ट्र पोलीस दलात अधिकारी झाले. कॅनडात विनिपेगला २०२३ मध्ये झालेल्या वर्ल्ड पोलीस अँड फायर गेम्समध्ये त्यांनी सुवर्णपदकही आणलं.

त्यामुळे खान्देशातल्या पालकांना मैदानात एक व्यवहारही दिसतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ठरावीक स्पर्धांत खेळलं की दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. यात गैर काहीच नाही. पण दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी ‘सर्टिफिकेट’ ठेवलं की रेवडीची मजा संपते. गदा प्रत्येकाला मिळत नसते. उठून उभं राहणं मात्र प्रत्येकाला शिकता येतं.

आणि मुली? वर्षानुवर्षं बहुतेक तालमींचं दार त्यांना बंदच होतं. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली विजेती ठरली. कराटे-तायक्वांदोनं मात्र छोट्या शहरांत मुलींसाठी आधीच वाट मोकळी केली होती. पूर्ण अंग झाकणारा पांढरा ड्रेस, शाळेचंच पटांगण आणि संध्याकाळचा एक तास. एवढ्यावर घरचे राजी होतात. जळगावसारख्या शहरात सायकलवर कमरेचा पट्टा मिरवत जाणारी मुलगी दिसली की तिच्यामागे एक घरगुती लढाई आधीच जिंकलेली असते.

आधी पडायला शिका

आता जरा जपानला जाऊ या. ज्युदोचे जनक जिगोरो कानो. लहानपणी अंगानं किरकोळ, शाळेत दांडगी पोरं त्रास देत. म्हणून ते जुजुत्सू शिकले. पण पुढे त्यांनी दांडगाई परतवण्याचं दुकान काढलं नाही. ते शिक्षक झाले. १८८२ मध्ये टोकियोत त्यांनी कोदोकान सुरू केलं आणि जुन्या लढाऊ विद्येतून घातक भाग काढून तिचं शिक्षण बनवलं. ज्या काळ्या पट्ट्यासाठी आपली पोरं जीव टाकतात, तो पट्टाही आधी ज्युदोत आला. मग कराटे आणि तायक्वांदोनं उचलला.

ज्युदोत नवख्याला सगळ्यात आधी काय शिकवतात? पडायला! हनुवटी छातीशी, हात गादीवर आपटायचा, डोकं वर. पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे. शेकडो वेळा. जो पडायला घाबरत नाही तोच पुढे डाव टाकू शकतो. नाहीतर सगळा जीव उभं राहण्यातच अडकतो. आपल्या तालमीतही नव्या पोराला आधी माती उकरायला लावतात, जोर-बैठका काढायला लावतात, मोठ्यांच्या हाताखाली लोळायला लावतात. डाव नंतर.

चांगल्या क्लासचा तास बघा. आत येताना नमस्कार. मग धावणं, ताणणं. मग एकच पवित्रा पन्नास वेळा. कंटाळा येतो, पाय दुखतात, शेजारचा चांगलं करतोय हे दिसतं. त्यानंतर काता किंवा पूमसे, म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी ठरलेल्या हालचाली. आणि शेवटी थोडा वेळ जोडीनं खेळ. तोही अंगावर संरक्षण घालून, ‘थांब’ म्हटलं की थांबण्याच्या अटीवर. या ‘थांब’मध्ये सगळं आलं. राग आलेला असताना, पाय हवेत असताना, समोरच्यानं आत्ताच टोला दिलेला असताना थांबायचं. मोगरी हीच!

क्लास एकच, निकाल उलटे

‘मार्शल आर्ट्सनं मुलं शिस्तीची होतात’ हे वाक्य प्रत्येक क्लासच्या पत्रकावर असतं. ते खरं आहे का? अर्धं!

अमेरिकेत १९८६ मध्ये मायकेल ट्रुलसन या संशोधकानं वाया जाऊ पाहणाऱ्या किशोरवयीन मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला तायक्वांदो पारंपरिक पद्धतीनं शिकवलं. त्यात ध्यान होतं, आदर होता, थोडं तत्त्वज्ञान होतं. दुसऱ्या गटाला नुसती मारामारीची तंत्रं. तिसरा गट धावणं, बास्केटबॉल वगैरे करत होता. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातल्या मुलांचा आक्रमकपणा उतरला. दुसऱ्या गटाचा चक्क वाढला! मुलं थोडीच होती, त्यामुळे हा काही अंतिम निकाल नव्हे. पण दिशा कळते.

२००४ मध्ये लेक्स आणि हॉइट यांनी अमेरिकेतल्या एका शाळेत पीटीच्या तासाऐवजी काही मुलांना तीन महिने तायक्वांदोवर आधारलेलं प्रशिक्षण देऊन पाहिलं. त्या मुलांचा स्वतःवरचा ताबा आणि वर्गातली वागणूक सुधारली. तर २००५ मध्ये नॉर्वेतल्या एन्ड्रेसन आणि ओल्वेउस यांच्या अभ्यासात बॉक्सिंग, वेटलिफ्टिंग, कुस्ती आणि मार्शल आर्ट्स करणाऱ्या मुलग्यांमध्ये बेशिस्त वागणं वाढल्याचं दिसलं.

म्हणजे काय? लाथ तीच, ठोसा तोच. पोर कसं घडणार हे शिकवणाऱ्यावर आणि तिथल्या वातावरणावर ठरतं. कराटे की तायक्वांदो, कुस्ती की ज्युदो, हा प्रश्न दुय्यम आहे. कोण शिकवतंय, हा पहिला.

पट्टा बघू नका, सर बघा

तर मग फी भरण्याआधी एक संध्याकाळ काढा. मोबाइल खिशात ठेवा, कडेला बसा आणि एवढंच बघा.

हरलेल्या मुलाशी सर किंवा मॅडम काय बोलतात? ‘पुन्हा कर’ म्हणतात की सगळ्यांसमोर टिंगल करतात? हा एकच क्षण सगळं सांगून जातो.

जोड कशी लावतात? उंची, वजन, वय, अनुभव बघतात का? नवख्याला थोराडासमोर ढकलून ‘मर्द बन’ म्हणत असतील तर तिथून उठा.

पट्टे कसे मिळतात? प्रत्येक परीक्षेला प्रत्येक पोर पास, आणि प्रत्येक पासामागे नवी फी? मग ते पट्ट्यांचं दुकान आहे. पोरांना हे आपल्याआधी कळतं. फुकट मिळालेल्या रंगाचा अभिमान वाटत नाही.

संरक्षणाची साधनं आहेत का? हेडगार्ड, माउथगार्ड, शिनगार्ड. आणि डोक्याला मार बसला तर त्या दिवशी खेळ बंद करून डॉक्टरकडे नेतात का? तसंच, वजनगटात बसवण्यासाठी वाढत्या वयाच्या पोराला उपाशी ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

पालकांना बसू देतात का? ‘आई-वडिलांनी आत यायचं नाही’ असा नियम असेल तर कारण विचारा. शिस्तीच्या नावाखाली छडी, एकट्यानं थांबवून घेणं, रात्रीचे मेसेज, यातलं काहीही चालवून घेऊ नका. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे. सरांचा आदर आणि सरांची भीती यांतला फरक मुलाला घरीच समजावून सांगायला हवा.

आणखी एक. शाळेत मूल छळलं जात असेल तर क्लास हा उपाय पुरेसा नाही. आठ वर्षांच्या पोरानं लाथ शिकून तो प्रश्न स्वतःच सोडवावा, ही अपेक्षाच चुकीची. शाळेत जाऊन बोलायचं काम आपलं. क्लासमुळे पोराचा आवाज जरा मोठा होतो, मान वर राहते, ‘नको’ ठणकावून म्हणता येतं. हेही थोडं नाही.

गाडीतला तो अर्धा तास

स्पर्धा संपते. पोर पहिल्याच फेरीत बाद. घरी परतताना आपण काय बोलतो? ‘डावा पाय का नाही उचललास?’ ‘तो तर तुझ्यापेक्षा लहान होता!’ आपण दिवसभर ऑफिसात टार्गेट आणि अप्रेझल खाऊन आलेलो असतो. तीच भाषा तोंडात बसलेली असते. पोराला मात्र वाटतं, आपण मॅच हरलो आणि वर आईबाबाही हरलो.

फडातल्या त्या काकाकडून शिकण्यासारखं इथं आहे. तो डाव समजावत बसत नाही. पाठीवर थाप, चार शब्द, आणि पुढची कुस्ती. चूक सांगायला वस्ताद आहे, उद्याची सकाळ आहे. आपलं काम कडेला उभं राहण्याचं. तेच सगळ्यात अवघड! पोर पडत असताना हात पुढे न करणं याला रथाच्या चाकापाशी वाकण्याइतकाच धीर लागतो. जोड तोलामोलाची आहे ना, खाली माती मऊ आहे ना, वस्ताद जाणता आहे ना, एवढं आधी बघून घ्यायचं. मग पडू द्यायचं.

आणि घरी पोचल्यावर मूठभर रेवड्या द्यायला विसरायचं नाही. जिंकला असला तरी, हरला असला तरी.

कसं जाल, काय खाल?

जळगाव मध्य रेल्वेच्या मुंबई-भुसावळ मार्गावर आहे. मुंबईहून सात तासांच्या आसपास, रात्री बसलात तर सकाळी हजर. स्टेशनवरून पिंप्राळ्याला रिक्षा मिळते. जायचं तर आषाढी एकादशीला जा. रथ ओढणाऱ्यांपेक्षा चाकाजवळच्या माणसांकडे लक्ष ठेवा, आणि पोरं बरोबर असतील तर चाकांपासून लांब, एखाद्या ओट्यावर उभे राहा. हिवाळ्यात गेलात तर भरीत आणि कळण्याची भाकरी चुकवू नका. जळगावच्या भरीताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं आहे. झणझणीत शेवभाजी बाराही महिने मिळते. मे महिना शक्यतो टाळा. त्या उन्हात पैलवानही पहाटेच घाम गाळून मोकळे होतात!